कृष्णाकाठचे मुक्काम आणि टीव्हीच्या मागची वायर

वाई ते मिरज या पट्ट्यात कुठेही खोली ठरवायची असली की मी फोनवर एक प्रश्न हमखास विचारते, "खोलीतल्या टीव्हीला एचडीएमआयचं मोकळं सॉकेट आहे का?" पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग त्याच्याकडे जे आहे ते सांगतो. गरम पाणी चोवीस तास, गाडी आत लागते, टीव्हीला डिश आहे. मी पुन्हा विचारते. कारण प्रवासाला आई बरोबर असते, आणि तिचा निम्मा प्रवास त्या सॉकेटमधून होतो.

आईचं वय 81. दोन्ही गुडघे गेलेले आणि त्यात डोळ्यांच्या पडद्याची झीज. मोतीबिंदू काढून झाला, चष्मे बदलून झाले, पण मोबाइलवरचा फोटो तिला दिसत नाही. कुणी हौसेनं फोन पुढे केला तर ती "छान आलाय हं" म्हणते आणि परत देते. तिला त्यात काहीही दिसलेलं नसतं, हे घरातल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तोच फोटो 43 इंची टीव्हीवर लावला आणि तिची खुर्ची पडद्याजवळ सरकवली, की ती बोट दाखवून बोलायला लागते. मागे कोण उभं आहे, झाड कशाचं आहे, पायरी कुठे फुटली आहे, सगळं विचारते. चढ जिथे सुरू होतो तिथे ती गाडीत किंवा चहाच्या टपरीवर थांबते, मी वर जाऊन येते, आणि संध्याकाळी खोलीत तो चढ आम्ही दोघी मिळून चढतो.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी तिनं स्वतःच मार्ग सांगितला. सासर वाईचं, माहेर मिरजेचं, दोन्ही कृष्णेच्या काठी. तेव्हा सासरहून माहेरी नदीच्या अंगानं जायचं. "जन्मभर एसटीनं नुसती ये-जा केली. मधलं काही बघितलंच नाही," ती म्हणाली. गाडी चालवायला सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकणारा माझा भाचा आला. आईच्या औषधांच्या डब्याशेजारी माझी पिशवी ठेवली. तीत तीन मीटरची एचडीएमआय वायर, काटकोनात वळणारं एक जोडणं, टाइप-सीचा अडॅप्टर, पेन ड्राइव्ह आणि मुठीएवढा स्पीकर.

वाईतलं घर आता आमचं राहिलेलं नाही, म्हणून गावात लॉजवर उतरलो. ढोल्या गणपतीचं दर्शन आईला निवांत घेता आलं. मेणवलीला मात्र पायऱ्या आडव्या आल्या. नाना फडणवीसांचा वाडा तिनं भिंतीला हात लावत पाहिला, पण मागचा घाट उतरणं तिला शक्य नव्हतं. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे, आणि शेजारच्या लहानशा घुमटीत एक मोठी घंटा. 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या, त्यांतली ही एक. 'स्वदेस' पाहिलेल्या लोकांना हा घाट ओळखीचा वाटतो. मी खाली उतरून पाण्यापासून वरपर्यंत सगळा घाट सावकाश चित्रित केला. घंटेपाशी जास्त वेळ थांबले. तिच्यावरचं उठावाचं काम स्पष्ट यावं म्हणून उन्हाची तिरीप येईपर्यंत वाट पाहिली.

संध्याकाळी खोलीत टीव्ही बघितला तर तो भिंतीला असा चिकटवलेला की मागे बोट जाईना. पाणी घेऊन आलेला मुलगा दारातच थांबला. "ताई, मागनं वायर काढू नका. सेट टॉप बॉक्स बंद पडतोय, मग मालक वरडत्यात."

त्याचं म्हणणं खरं होतं. लॉजमधल्या टीव्हीच्या अर्ध्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. पाहुणा सेट टॉप बॉक्सची वायर उपसतो, आपली लावतो, सकाळी तशीच सोडून जातो, आणि पुढच्या पाहुण्याला पडद्यावर 'नो सिग्नल' दिसतं. मी त्याला सांगितलं, जे लावलंय ते काढणार नाही, शेजारचं रिकामं वापरीन. बहुतेक टीव्हींना एचडीएमआयची दोन किंवा तीन सॉकेटं असतात आणि बॉक्स एकाच ठिकाणी लागतो. काटकोनी जोडणं त्या सांदीत शिरलं. वायरचं दुसरं टोक अडॅप्टरला, अडॅप्टर भाच्याच्या फोनला. रिमोटवरचं 'सोर्स'चं बटण दाबून दुसरा एचडीएमआय निवडला, आणि घाट भिंतीवर आला.

इथे फोनची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे बरेच जण वायर विकत घेऊन हताश होतात. बाहेरून सगळी टाइप-सी भोकं सारखीच दिसतात. पण त्यातून चित्र बाहेर यायला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' नावाची सोय फोनमध्ये असावी लागते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये ते भोक चार्जिंगपुरतं आणि फाइली हलवण्यापुरतंच असतं. माझा फोन त्यातला. भाच्याचा आयफोन पंधराव्या मालिकेतला; 2023 च्या त्या मालिकेपासून आयफोनला टाइप-सी आलं आणि चित्रही त्यातूनच येतं. अडॅप्टर घेण्याआधी आपल्या फोनची ही एक बाब दुकानात विचारून घ्यावी.

आई घंटेपाशी थांब म्हणाली. चित्र थांबवलं. ती उठली, पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि घंटेच्या कडेवरून बोट फिरवलं. मग बसली आणि नव्या नवरीच्या दिवसांतलं बोलायला लागली. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर मांडव पडायचा, सासूबाईंबरोबर वाढायला जायचं, रात्री परतताना ओल्या पायऱ्यांवरून पातेली सांभाळत चढायचं. हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. दिवसभर गाडीत बसून तिनं त्यातलं काही सांगितलं नसतं. घाट समोर आला तेव्हा ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो. कासचं पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि सप्टेंबरात तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तोच जांभळा-पिवळा गालिचा असतो. मला तो गालिचा लांबून पाहण्यापेक्षा वाकून पाहायला आवडतो. इथल्या बहुतेक फुलांची उंची वीतभरसुद्धा नाही. काळ्या जांभ्यावर माती बोटभर, पाणी पावसाळ्यात तुंबतं आणि नंतर खडक तापतो. एवढ्या थोड्या अवधीत उगवून, फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. मातीत पोषण कमी म्हणून काही झाडं किडे खातात. 'सीतेची आसवं' ही निळी-जांभळी नाजूक फुलं पाहून कुणाला शंका येणार नाही, पण त्या झाडाला ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदूच्या पानांवरचे थेंब तर चिकट सापळेच. आणि वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस', तो साचलेल्या पाण्यात दोन फाटे फुटलेल्या तुऱ्यासारखा उभा.

आई कुंपणाजवळच्या बाकावर बसली होती. तिला रंगाचा एक पसारा दिसत होता, फूल दिसत नव्हतं. मी आखलेल्या वाटेवर बसून, जिथे हात टेकायला परवानगी आहे तिथेच टेकून, जवळून चित्रं घेतली. एका दवबिंदूवर एक बारीक माशी नुकतीच चिकटली होती. तिच्या पायांची धडपड आणि लाल केसांचं हळूहळू वाकणं मी हात न हलवता जमेल तेवढं टिपलं.

मुक्काम बामणोलीला होता, शिवसागराच्या काठी एका घरगुती ठिकाणी. कोयनेच्या धरणामागे जे पाणी साठलं त्याला शिवसागर म्हणतात. धरणाची क्षमता 105 टीएमसीच्या आसपास. बामणोली आणि तापोळा ही त्या पाण्याच्या काठची गावं, आणि लाँच हे तिथलं नेहमीचं वाहन. आईला दोघांनी हात देऊन लाँचमध्ये बसवलं आणि तास-दीड तास पाण्यावर फिरवून आणलं. हा सगळा दिवस तिचा स्वतःचा होता, तिथे टीव्हीची गरज नव्हती.

पण पाण्यावर बसल्या बसल्या तिला जहाजाची आठवण झाली. पूर्वी आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या एका मोठ्या क्रूझवर गेलो होतो. सांगली-कोल्हापूरकडच्या सहलींत सिंगापूर-मलेशियाला जोडून जहाजावरचे मुक्काम असतात. आता तर मुंबईहूनही सोय आहे. 'आंग्रिया' 2018 मध्ये मुंबई-गोवा सुरू झाली होती, आणि 2021 पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' गोवा, लक्षद्वीप करते. माझं हे वायरीचं शिक्षण जहाजाच्या केबिनमध्ये झालं, म्हणून ते थोडं सविस्तर सांगते.

जहाजाच्या केबिनमधला टीव्ही घरच्या टीव्हीसारखा दिसतो पण घरच्यासारखा वागत नाही. तो जहाजाच्या व्यवस्थेला जोडलेला असतो. लावला की जहाजाच्या नाकावरचा कॅमेरा, नकाशावरचं आपलं ठिकाण, सुरक्षेची चित्रफीत, आपल्या नावावरचा खर्च हेच दिसतं. रिमोटला 'सोर्स'चं बटण नसतं किंवा ते काम करत नाही. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. टीव्ही कंपन्या हॉटेलांसाठी आणि जहाजांसाठी वेगळे संच बनवतात, त्यांत आवाजाची कमाल मर्यादा, सुरुवातीचं चॅनेल आणि बाहेरच्या वायरी चालू द्यायच्या की नाही, हे सगळं आधीच ठरवून ठेवता येतं. वायरशिवाय फोनचं चित्र टीव्हीवर पाठवावं म्हटलं तर तेही जमत नाही. जहाजावरचं इंटरनेट उपग्रहावरून येतं, त्याचे पैसे यंत्रागणिक मोजावे लागतात, आणि एका खोलीतलं एक यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी त्याची रचना असते. अनोळखी माणसाचा फोन आपल्या टीव्हीवर येऊ नये म्हणून ती रचना हवीच.

आमच्या केबिनची साफसफाई करणारा तरुण कणकवलीकडचा निघाला. आईशी मालवणीत बोलायचा, तिला आजी म्हणायचा. त्यानंच सांगितलं की खालच्या काउंटरवर विनंती केली तर तंत्रज्ञ येऊन वायरचं सॉकेट उघडून देतो. तो आला, दोन मिनिटांत काम झालं. त्या रात्री आईनं वरच्या डेकवरचा सूर्यास्त पाहिला, जो तिला वाऱ्यामुळे प्रत्यक्ष पाहता आला नव्हता. त्याच सफरीत एक नियमही कळला, तो जहाजानं जाणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. एचडीएमआयची वायर नेता येते. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड नेता येत नाही, चढतानाच काढून घेतात. जहाजावरच्या विजेची मांडणी जमिनीवरच्या घरासारखी नसते, तिथे असा बोर्ड तापून पेटू शकतो, आणि भर समुद्रात आगीइतकी भीती कशाचीच नसते.

बामणोलीच्या घरातल्या खोलीत यातलं कुठलंच कुलूप नव्हतं. नवा टीव्ही, बाजूलाच सॉकेटं, हात सहज पोचेल अशी. वायर लागलीच असती, पण वायरशिवाय जोडून बघायचं म्हटलं तर अडचण दुसरीच होती. मोबाइलला रेंज नाही, वायफाय नाही. अशा ठिकाणी लोक समजतात की आता फोन टीव्हीला जोडणं अशक्य, पण तसं नाही. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनमध्ये 'स्मार्ट व्ह्यू', 'कास्ट' किंवा तत्सम नावानं मिराकास्ट असतं. त्यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये इंटरनेट लागत नाही. माझा फोन असा लगेच जोडला गेला. आयफोनला मिराकास्ट नाही, म्हणून भाच्यानं पेन ड्राइव्ह काढला. त्यावरचे निम्मे फोटो टीव्हीनं उघडलेच नाहीत. आयफोन मुळात फोटो 'हाइक' नावाच्या साच्यात ठेवतो आणि पुष्कळ टीव्हींना तो कळत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात. ड्राइव्हही 'फॅट32'मध्ये फॉरमॅट केलेला बरा, तो जवळजवळ प्रत्येक टीव्ही वाचतो. मात्र त्यावर चार जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही.

फुलं पडद्यावर यायला लागली तशी घरातली माणसं दारात जमली. आईनं सगळ्यांना आत बोलावलं. घरमालकाच्या आई, वयानं माझ्या आईएवढ्याच, जमिनीवर मांडी घालून बसल्या. दवबिंदूवरची ती माशी 43 इंचांवर आली तेव्हा खोलीत कुणी बोलेना. एकेक लाल केस वाकत होता, टोकाचा थेंब तिच्या पंखाला लागत होता. जन्मभर ज्या पठारावरून गुरं नेली त्याच्यावर हे चालतं, हे त्या आजींनी पहिल्यांदा पाहिलं. "आमी ह्याच्यावरनंच चालायचो की," त्या म्हणाल्या. "पायाला चिकाट लागायचं. बगितलं कुणी न्हाय."

पुढची चित्रं लाँचवरची होती. पाणी, पलीकडचे डोंगर, एक उघडी टेकडी. आजी एकदम म्हणाल्या, "थांबीव." त्या उठून टीव्हीजवळ आल्या आणि पाण्यावर बोट ठेवलं. तिथे खाली त्यांचं माहेर होतं. धरण झालं तेव्हा गाव उठलं, काही माणसं वर सरकली, काही लांब पुनर्वसनाला गेली. देऊळ कुठे होतं, पिंपळ कुठे, ओढा कुठून यायचा, हे त्यांनी त्या निळ्या पाण्यावर बोटानं दाखवलं. माझी आई त्यांच्या शेजारी उभी राहिली. दोघींची बोटं पडद्यावर. तिकडच्या माहेराला जायला रस्ता नाही आणि आम्ही मात्र आईच्या माहेरी निघालो होतो. त्या चित्राची प्रत मी पेन ड्राइव्हवर त्या घरी ठेवून आले, म्हणजे त्यांना वाटेल तेव्हा लावता येईल.

कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात, ते आईनं बागेतल्या कट्ट्यावरून पाहिलं. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार केला. मुक्कामाचं हॉटेल मोठं, टीव्ही स्मार्ट, पण सगळा बंदिस्त. सोर्स बंद, आणि वायफायला खोलीचा क्रमांक व मोबाइल नंबर भरायचं पान. असं पान टीव्हीला जोडायच्या पुष्कळ छोट्या डोंगलना भरता येत नाही, त्यामुळे ते तिथेच अडतात. सोर्स उघडा असेल तर यावर तोडगा म्हणजे एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा, डोंगल त्याला जोडायचा आणि दुसऱ्या फोनवरून चित्र पाठवायचं. आम्ही ते केलं नाही, कारण टीव्ही उघडताच भलतंच दिसलं. आधीच्या कुणा पाहुण्याचं यूट्यूब खातं तसंच उघडं होतं. त्याचं नाव, त्यानं काय पाहिलं, काय शोधलं, सगळं. त्यात त्याच्या घरातल्या आजारपणाविषयीचे शोध होते. आईनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "बंद कर ते. लोकांचं आहे." मी ते खातं बाहेर काढलं आणि काउंटरवर सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं. पाहुणा गेल्यावर टीव्ही तपासायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. चादर बदलतात तसा टीव्हीही दर पाहुण्यामागे साफ व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीत मात्र मला हवं होतं ते मिळालं. आयर्विन पुलाच्या बाजूचं एक मध्यम हॉटेल. टीव्हीच्या खालून एक काळी वायर बाहेर सोडलेली, तिचं टोक टेबलापर्यंत आलेलं, आणि टेबलावर मराठीत छापलेलं कार्ड: आपला लॅपटॉप किंवा फोन या वायरला जोडा, रिमोटवर सोर्स दाबून एचडीएमआय 2 निवडा, जाताना खात्यातून बाहेर पडा. एवढंच. मॅनेजरला विचारलं तेव्हा त्यानं पुराची गोष्ट सांगितली. 1929 चा आयर्विन पूल सांगलीची पूरपट्टी आहे. पाणी 45 फुटांवर गेलं की धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं. त्यात त्यांचे खालच्या मजल्यावरचे सगळे टीव्ही गेले. नवे घेताना मालकानं भिंतीतल्या वायरी नव्यानं टाकल्या आणि तेव्हाच ही जादा वायर बाहेर काढली. "मागचं कुणी उपसायचा प्रश्नच राहिला नाही, मावशी," तो आईला म्हणाला. बॉक्सच्या तक्रारी बंद झाल्या, हा त्यांचाही फायदा.

त्या वायरवर आईनं हरिपूर पाहिलं. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव, आणि हळदीच्या पेवांचं गाव. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या पेवांचं मोठं नाव आहे. तोंडाशी अरुंद आणि आत माणूस उभा राहील एवढी मोठी ती मातीतली कोठारं. तोंड उघडल्यावर आत हवा खेळल्याशिवाय कुणी उतरत नाही. 2005 च्या पुरात पुष्कळ पेवं खराब झाली. जी आहेत त्यांतल्या एकाच्या तोंडाशी मला उभं राहू दिलं. मी फोन काठीला बांधून, दिवा लावून आत सोडला आणि गोल भिंतीचं चित्र घेतलं. आई सांगलीच्या शेजारच्या मिरजेत वाढलेली, हळदीच्या व्यापाऱ्यांत वावरलेली, पण पेव आतून कसं असतं ते तिनं त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

शेवटचा मुक्काम मिरज. आईचं घर आता भावंडांच्या मुलांत वाटलं गेलं आहे. त्यांना भेटून आम्ही स्टेशनजवळ खोली घेतली. तिला जायचं होतं सतारमेकर गल्लीत. मुलगी असताना ती गाणं शिकत होती आणि तिचा तंबोरा याच गल्लीतला होता. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब सतारमेकरांनी उभा केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते वाळवतात, कापतात, तुणीच्या लाकडाला जोडतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

कारागीर घोडीवर जवारी काढत होते. कानसीनं एकदा हलकेच घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नाद कुठे उघडतो ते शोधायचं. आई दोन हातांवर खुर्चीत बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं, पण त्यांचे हात तिला दिसत नव्हते. मी त्यांच्या परवानगीनं फक्त हातांचं चित्रीकरण केलं.

खोलीत ते लावलं तेव्हा चित्र उत्तम आणि आवाज पोकळ. खर्ज गायब, नुसता पत्र्यासारखा झणत्कार. टीव्ही जितका सडपातळ तितके त्याचे स्पीकर लहान, आणि ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. शिवाय बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून टीव्ही स्वतःच आवाज खालीवर करत असतो. तंबोऱ्यासारख्या अखंड नादाचा त्यात चुराडा होतो. सेटिंगमध्ये जाऊन तो आपोआप होणारा बदल बंद केला, साउंड मोड 'म्युझिक'वर नेला आणि टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून माझा छोटा स्पीकर वायरनं जोडला. ब्लूटूथनं जोडला असता तर आवाज हातामागून आला असता, आणि इथे हात आणि नाद एकाच क्षणी हवे होते.

मग आईनं ते पाहिलं. कानस फिरते, तार छेडली जाते, बंद आवाज. दोरा केसभर पुढे सरकतो, आणि त्याच तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. ती ते पुन्हा पुन्हा लावायला सांगत राहिली. "माझ्या तंबोऱ्याची जवारी लावायला माणूस घरी यायचा," ती म्हणाली. "आम्हा मुलींना जवळ बसू द्यायचे नाहीत. तो करतो काय, ते आज कळलं."

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लॉजच्या, हॉटेलांच्या आणि घरगुती मुक्कामांच्या मालकांना म्हणून माझी विनंती आहे. आपल्याकडे गडावर, पठारावर, घाटावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबात खाली थांबणारं एक माणूस असतं. त्याच्यासाठी टीव्हीचं एक सॉकेट मोकळं सोडा, दोन-तीनशे रुपयांची वायर टेबलापर्यंत आणून ठेवा, कार्ड मराठीत लावा आणि पाहुणा गेला की टीव्हीवरची खाती पुसा. प्रवाशांनाही सांगणं आहे. दुसऱ्याची वायर काढू नका. काढावीच लागली तर आधी फोटो घ्या आणि होती तशी लावा. आपल्या खात्यातून बाहेर पडा. आणि वर चढून गेलात तर फोटो थोडे सावकाश, थोडे जवळून घ्या. संध्याकाळी ते बघणारं कुणीतरी खाली बसलेलं असतं.